'त्रास झाल्यास दाखवणे' : कोणता त्रास, कधीपर्यंत, कुठे? अपघात विभागांना खुले पत्र

प्रति,
रुग्णालयांतील अपघात विभागांचे प्रमुख, तिथे रात्रपाळी करणारे डॉक्टर आणि परिचारिका यांस,

सप्रेम नमस्कार.

जखमी माणूस दारात आल्यावर पहिला तास कसा सांभाळायचा, हे तुम्हाला कोणी शिकवायची गरज नाही. हे पत्र त्या तासाबद्दल नाही. टाके पडले, प्लॅस्टर झालं, एक्स-रेमध्ये 'काही विशेष नाही' असं ठरलं आणि रुग्ण घरी निघाला, तिथून पुढच्या काळाबद्दल आहे. मार एका क्षणात लागतो, पण त्यातून होणारे आजार आपापल्या मुदतीने येतात. काही सहा तासांत, काही तिसऱ्या दिवशी, काही तिसऱ्या आठवड्यात, तर काही वीस-तीस वर्षांनी. या मुदती वैद्यकशास्त्राला चांगल्या ठाऊक आहेत. तरीही असंख्य डिस्चार्ज कार्डांवर शेवटची ओळ एकच असते : 'त्रास झाल्यास दाखवणे'. ती ओळ बदला, एवढीच आमची मागणी आहे. का आणि कशी, ते सविस्तर लिहितो.

नडगीच्या मोडलेल्या हाडापासून सुरुवात करतो, कारण इथे उशीर सर्वांत महाग पडतो. गुडघ्याखालचे स्नायू चार कप्प्यांत बसलेले असतात आणि त्या कप्प्यांची आवरणं ताणली जात नाहीत. आत रक्तस्राव झाला, सूज आली, की जागा तेवढीच राहते आणि दाब वाढतो. एरवी हा दाब पाऱ्याच्या १० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. तो वाढत वाढत रुग्णाच्या खालच्या रक्तदाबापासून ३० मिलिमीटरच्या आत आला, की स्नायूंमधल्या बारीक केशवाहिन्यांतला प्रवाह तुटू लागतो. मोठ्या धमनीतला दाब मात्र याहून बराच जास्त असतो, म्हणून पावलावरची नाडी व्यवस्थित लागत राहते. 'नाडी लागते, बोटं गरम आहेत' अशी नोंद करून निर्धास्त होणं ही इथली नेहमीची चूक. नाडी जाईपर्यंत स्नायू मेलेले असतात. सुमारे सहा तासांनंतर होणारं नुकसान बहुतांशी भरून येत नाही.

कप्प्यात दाब वाढण्याच्या या आजाराची, म्हणजे कंपार्टमेंट सिंड्रोमची, पहिली खूण म्हणजे इजेच्या मानाने फार जास्त वेदना. दुसरी खूण तपासून पाहावी लागते : पायाची बोटं आपण हलकेच वर-खाली ताणली की पोटरीत असह्य कळ उठते. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या बेचक्यात बधिरपणा येतो, तो त्यानंतर. लहान मुलाला वेदना नीट सांगता येत नाही. ते अस्वस्थ होतं, घाबरंघुबरं होतं आणि वेदनाशामक औषध वारंवार लागू लागतं. औषधाची वाढती गरज हीच तिथे धोक्याची घंटा समजावी. शंका आली की प्लॅस्टर चिरायचं, पण नुसतं प्लॅस्टर नव्हे. खालचा कापूस आणि पट्टीसुद्धा कातडी दिसेपर्यंत कापायला हवी. वाळलेल्या रक्ताने आखडलेली पट्टीही आवळून धरते. पाय उशांवर उंच ठेवू नये, हृदयाच्या पातळीवर ठेवावा. उंच केल्याने सूज उतरण्याआधी तिथे पोहोचणारं रक्त कमी होतं. एवढं करून वेदना हटली नाही, तर आवरणं उघडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी सर्जनला तातडीने बोलवायचं. दाब मोजायचं यंत्र नाही म्हणून थांबायचं नाही. हे निदान मुख्यतः रुग्णाला तपासूनच होतं.

मुलांच्या कोपराजवळच्या हाडमोडीत हाच प्रकार हाताला होतो. त्यातून बोटं आकसून हात कायमचा वाकडा होतो, याचं वर्णन रिचर्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ साली केलं. सुजलेला कोपर काटकोनाहून जास्त वाकवून बांधला, तर हा धोका आपणच वाढवतो. अशा रुग्णाच्या कार्डावर लिहायचं ते असं : 'गोळी घेऊनही वेदना वाढत असेल, बोटं ताणल्यावर कळ येत असेल किंवा बोटं बधिर होत असतील, तर रात्र असली तरी लगेच या.' आणि फोनवर बसणाऱ्या माणसाला हे माहीत हवं, की प्लॅस्टर घातलेल्या रुग्णाचा रात्री दोनला दुखण्यासाठी फोन आला, तर 'आणखी एक गोळी घ्या, सकाळी पाहू' हे उत्तर नाही.

आता मुक्या माराबद्दल. कातडी फाटलेली नाही, हाड मोडलेलं नाही, म्हणून याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. बेदम मारहाण झालेला माणूस, ढिगाऱ्याखाली अडकलेला कामगार, घरात पडून रात्रभर जमिनीवर एकाच कुशीवर राहिलेली म्हातारी व्यक्ती, या तिघांत एक गोष्ट समान असते : मोठ्या प्रमाणावर चेचलेले स्नायू. त्यातून मायोग्लोबिन हे स्नायूंमधलं प्रथिन आणि पोटॅशियम रक्तात उतरतं. मायोग्लोबिन किडनी बंद पाडतं, पोटॅशियम हृदय बंद पाडतं. लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखालून काढलेल्या रुग्णांवरून बायवॉटर्स आणि बील यांनी १९४१ साली हे नेमकेपणाने मांडलं. बाहेर काढल्यावर सुरुवातीला बरी वाटणारी माणसं काही दिवसांत किडनी निकामी होऊन दगावत होती.

म्हणून अशा रुग्णाची लघवी पाहिल्याशिवाय त्याला घरी सोडू नका. ती गडद तपकिरी असेल, लघवीत बुडवायच्या रंगपट्टीवर रक्त दिसत असेल पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी नसतील, तर ते मायोग्लोबिन असण्याची दाट शक्यता आहे. रक्तातलं सीके (स्नायू चेचल्यावर वाढणारं द्रव्य), पोटॅशियम, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी तपासणी) आणि ईसीजी लगेच करा. सीके ५००० च्या वर गेलं की किडनीचा धोका ठळकपणे वाढतो. सलाइन भरपूर आणि लवकर द्यायला हवं. अडकलेल्या प्रौढ माणसाला तर बाहेर काढण्याआधीच, ताशी साधारण एक लिटरने सुरू करतात. रिंगर लॅक्टेट या दुसऱ्या सलाइनमध्ये पोटॅशियम असतं, म्हणून ते टाळतात. आणि एक कळकळीची विनंती : मुका मार म्हणून डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन देऊन अशा माणसाची बोळवण करू नका. आधीच संकटात असलेल्या किडनीचा रक्तपुरवठा ते औषध आणखी कमी करतं. मार खाऊन आलेला माणूस पुष्कळदा किती मार बसला हे सांगत नाही, म्हणून पाठ, कुल्ले आणि मांड्या कपडे बाजूला करूनच पाहायला हव्यात.

डोक्याच्या इजेसाठी बहुतेक विभागांत छापील सूचना असते. उलटी, झोपाळूपणा, फिट, कानातून पाणी. चोवीस तास लक्ष ठेवा. ती सूचना योग्यच आहे. कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठताना रुग्ण मधले काही तास शुद्धीत, बोलता-चालता असू शकतो, हे ती पकडते. पण साठीपुढच्या माणसासाठी ती अपुरी आहे. वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसतो, त्याच्या पृष्ठभागावरून निघणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि दाराच्या चौकटीवर डोकं आपटण्याएवढ्या किरकोळ माराने त्यांतली एखादी झिरपू लागते. रक्त हळूहळू साठतं. लक्षणं तीन आठवड्यांनी, कधी दोन-तीन महिन्यांनी दिसतात : डोकं जड, चाल अडखळती, एक हात दुबळा, बोलण्यात गोंधळ. तोवर घरचे ती टक्कर विसरलेले असतात आणि सगळं खापर वयावर फुटतं. विस्मरणाचा आजार म्हणून गोळ्या सुरू होतात. सीटी स्कॅन केला तर उत्तर काही मिनिटांत मिळतं आणि कवटीला छोटी छिद्रं पाडून ते रक्त काढल्यावर पुष्कळ रुग्ण पूर्ववत होतात. इतका बरा होण्याजोगा आजार केवळ कोणी सांगितलं नाही म्हणून राहून जावा, याचं आम्हाला फार वाईट वाटतं. ज्येष्ठांच्या कार्डावर दुसरी ओळ हवी : 'पुढचे तीन महिने चाल, बोलणं किंवा वागणं बदललं, तर या इजेचा उल्लेख करून स्कॅनसाठी या.' रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर त्याचं नाव कार्डावर ठळक लिहा आणि ते मनाने बंद करू नका, हेही लिहा.

तरुण खेळाडूंच्या बाबतीत घाई उलट्या दिशेची असते. डोक्याला मार बसून गरगरलं असेल, तर त्याच दिवशी मैदानात परत जायचं नाही. एक-दोन दिवस विश्रांती, पण पूर्ण झोपून नव्हे, मग हलकं चालणं, मग धावणं, मग टक्कर नसलेला सराव, असं पायरीपायरीने जायचं. प्रत्येक पायरीला किमान २४ तास द्यायचे आणि पूर्ण सरावाआधी डॉक्टरांची परवानगी घ्यायची. मेंदूला जबर मार बसलेल्या रुग्णाचा थकवा काही महिन्यांनीही हटत नसेल, मासिक पाळी थांबली असेल किंवा सोडियम कमी येत असेल, तर ते मनाचं दुखणं ठरवण्याआधी कॉर्टिसॉल आणि थायरॉइड ही हार्मोन तपासा. त्यांचं नियंत्रण करणाऱ्या, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला इजा झाल्याचं तिथे सापडतं. मान झटका बसून दुखत असताना एका बाजूची पापणी उतरली, बाहुली लहान झाली, तर मानेतल्या धमनीचं आतलं अस्तर फाटलेलं असू शकतं. अशांना काही दिवसांनी पक्षाघात होतो, आणि ते पुष्कळदा तरुण असतात.

पोटाच्या मुक्या मारात पहिली सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणजे सुटका झाली, असं नव्हे. प्लीहेच्या (स्प्लीनच्या) आवरणाखाली साठलेलं रक्त ४८ तास उलटून गेल्यावरही फुटू शकतं, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत. डाव्या खांद्यात येणारी कळ ही त्याची खूण. ती छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या मज्जातंतूमार्गे येते आणि खांदा लचकला म्हणून शेकत बसणारे लोक असतात. सायकलच्या हँडलचं टोक पोटात घुसलेल्या मुलाच्या कातडीवर छोटासा गोल वळ असतो, पण आत स्वादुपिंड किंवा लहान आतड्याचा पहिला भाग कण्यावर चेपला गेलेला असू शकतो. उलट्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतात, स्वादुपिंडाजवळची द्रवाची गाठ काही आठवड्यांनी कळते. सीट बेल्टचा वळ पोटावर उमटला असेल, तर आतडं फाटल्याची शक्यता मनात धरून रुग्णाला निरीक्षणाखाली ठेवा.

आणि ज्यांची प्लीहा काढावी लागली, त्यांच्या कार्डाबद्दल आम्ही आग्रही आहोत. न्यूमोकोकससारख्या आवरणधारी जिवाणूंशी लढण्यात प्लीहेचा मोठा वाटा असतो. ती नसलेल्या माणसाला साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो आणि हा धोका आयुष्यभर राहतो. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएंझा टाइप बी यांच्या लशी तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण १४ दिवसांनी देतात. रुग्ण परत येईल याची खात्री नसेल, तर घरी सोडण्याआधीच द्याव्यात. कार्डावर मोठ्या अक्षरांत हवं : 'प्लीहा काढलेली आहे. थंडी वाजून ताप आला तर लगेच रुग्णालयात या आणि हे कार्ड दाखवा.' वीस वर्षांनी त्या माणसाला पोटावरचा व्रण कशाचा हेही नीट सांगता येत नाही, असं घडता कामा नये.

बरगड्यांबाबत थोडक्यात. साध्या एक्स-रेमध्ये बरगडीची चीर अनेकदा दिसत नाही. म्हाताऱ्या माणसाचा जीव हाडामुळे नव्हे, न्यूमोनियामुळे जातो : दुखतं म्हणून खोल श्वास नाही, खोकला नाही, म्हणून कफ साठतो. छाती पट्ट्याने आवळून बांधू नका. वेदना पुरेशी कमी करा आणि जागेपणी दर तासाला दहा खोल श्वास घ्यायला शिकवा. पासष्टीपुढच्या माणसाच्या तीन किंवा अधिक बरगड्या मोडल्या असतील, तर घरी पाठवण्याची घाई नको.

पायाच्या प्लॅस्टरमध्ये शिरेत गुठळी होणं ही आठवड्यांची गोष्ट आहे. पोटरी सुजून दुखू लागली, किंवा अचानक धाप लागली, छातीत टोचलं, तर ती गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. पूर्वी गुठळी झालेले, कर्करोगाचे, गर्भनिरोधक गोळ्या घेणारे आणि स्थूल रुग्ण यांच्यासाठी हेपॅरिन या गुठळी रोखणाऱ्या औषधाचा विचार प्लॅस्टर घालतानाच करावा.

धनुर्वाताचं इंजेक्शन हा विषय क्षुल्लक वाटेल, पण रोजच्या कामातली सर्वांत रुळलेली चूक इथेच आहे. पूर्ण लसीकरण झालेल्या माणसाला प्रत्येक खरचटण्यासाठी लस टोचली जाते आणि ज्याला आयुष्यात कधी लस मिळालेली नाही, त्यालाही तीच टोचून घरी पाठवलं जातं. पहिल्याचा उपयोग नाही, दुसऱ्याचा घात होऊ शकतो. लशीच्या पहिल्या डोसने प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडे लागतात. धनुर्वात मात्र ३ ते २१ दिवसांत, बहुधा आठवड्याभरात उभा राहतो. तीन किंवा अधिक डोस झाले असतील, तर स्वच्छ, किरकोळ जखमेत शेवटच्या डोसला १० वर्षं झाल्यावर आणि मळलेल्या किंवा खोल जखमेत ५ वर्षं झाल्यावर लस लागते. डोस तीनपेक्षा कमी असतील किंवा माहीत नसतील आणि जखम मळलेली असेल, तर लशीबरोबर टिटॅनस इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं) २५० युनिट हवंच, वेगळ्या सिरिंजने आणि दुसऱ्या जागी. लशीचा दुसरा डोस किमान चार आठवड्यांनी, तिसरा सहा ते बारा महिन्यांनी. त्या दोन्ही तारखा कार्डावर लिहा. हे जिवाणू प्राणवायू नसलेल्या जागी वाढतात, म्हणून मेलेला ऊतिभाग कापून काढणं आणि भरपूर पाण्याने धुणं हे इंजेक्शनइतकंच महत्त्वाचं. मळलेली जखम वरून टाके घालून सुबक बंद करणं म्हणजे त्यांना हवी ती जागा करून देणं. मुठीने मारताना समोरच्याचा दात लागून बोटाच्या पेरावर झालेली बारीक जखमही अशीच फसवी असते. ती बऱ्याचदा सांध्यापर्यंत गेलेली असते. तिला टाके घालू नयेत, ती धुऊन उघडी ठेवावी आणि प्रतिजैविकं द्यावीत.

तळहातावर पडून मनगट दुखत असेल आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळगीत दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे कसाही असो, अंगठ्यासह आधार द्या आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा फोटो काढा. तिथल्या स्कॅफॉइड हाडाला रक्त बोटांकडच्या टोकाने मिळतं. चीर गेली की मनगटाकडचा तुकडा उपाशी राहतो, हाड जुळत नाही आणि काही वर्षांत मनगट झिजतं. 'लचक आहे, चोळा' हा सल्ला इथे तर वाईटच. मांडीच्या किंवा कोपराच्या ताज्या मारावर जोरात मालिश केली, तर स्नायूत हाड तयार होऊन सांधा आखडू शकतो. ही सूचना कार्डावर हवीच, कारण चोळण्याचा सल्ला देणारे लोक रुग्णाला घरी गेल्या गेल्या भेटतात.

डोळ्यावर चेंडू लागून आत रक्त आलं असेल, तर दुसऱ्या ते पाचव्या दिवशी पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. त्या काळात डोकं उंच ठेवायचं, अॅस्पिरिन घ्यायचं नाही. पण याहून लांबची गोष्ट सांगितली जात नाही : अशा डोळ्यात काचबिंदू अनेक वर्षांनी उद्भवू शकतो, म्हणून डोळ्याच्या दाबाची तपासणी दरवर्षी, कायम. डोळा फाटला असेल, तर दुसऱ्या, धडधाकट डोळ्यालाही क्वचित सूज येते. लुई ब्रेल यांना तीन वर्षांचे असताना वडिलांच्या कातडीकामाच्या जागी एका डोळ्यात टोचा लागला आणि पाचव्या वर्षापर्यंत त्यांचे दोन्ही डोळे गेले. चांगल्या डोळ्यात लाली, धूसरपणा किंवा उजेडाचा त्रास जाणवला तर त्याच दिवशी दाखवायचं, हे त्या घराला माहीत हवं.

जुन्या भाजल्याच्या व्रणावर किंवा वर्षानुवर्षं वाहणाऱ्या जखमेवर, काही वेळा तीस वर्षांनी, त्वचेचा कर्करोग होतो. मार्जोलिन यांनी अशा व्रणांचं वर्णन १८२८ साली केलं. कडा उंचावलेली, सहज रक्त येणारी, ड्रेसिंगला दाद न देणारी जखम दिसली, तर तिच्या कडेचा तुकडा तपासणीला पाठवा. याउलट, 'मार लागला आणि गाठ झाली' असं रुग्ण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा गाठ आधीच असते, माराने तिकडे लक्ष जातं. वाढत्या वयाच्या मुलाचा गुडघा खेळताना दुखावला आणि काही आठवड्यांनीही रात्री दुखून जाग येत असेल, तर मलम बदलू नका, एक्स-रे काढा.

आता कार्डाबद्दल. एका पानात सगळे आजार छापू नका, कोणी वाचणार नाही. प्रत्येक इजेसाठी तीन ओळी पुरेत : काय दिसलं तर, कोणत्या तारखेपर्यंत, कुठे यायचं. 'दोन आठवड्यांनी' न लिहिता तारीख लिहा. 'संवेदना कमी होणे' ऐवजी 'बधिर होणं', 'श्वसनास त्रास' ऐवजी 'धाप लागणं' असे शब्द वापरा. ज्याला वाचता येत नाही, त्याच्या सोबतच्या माणसाला तीन गोष्टी तोंडी सांगा आणि त्याच्याकडून परत म्हणवून घ्या. याला दोन मिनिटं लागतात. त्या रात्री विभागात रांग लागलेली असेल हे आम्ही जाणतो, म्हणून हे काम प्रशिक्षित परिचारिकेकडे द्या आणि तिच्या सहीशिवाय कार्ड पूर्ण धरू नका.

विभागप्रमुखांकडे आणखी एक मागणी आहे, ती कागदाची नाही. त्याच इजेसाठी ७२ तासांत परत आलेल्या रुग्णाला पुन्हा रांगेच्या शेवटी उभं करू नका. त्याला त्या पाळीतल्या सर्वांत अनुभवी डॉक्टरने, आधीची चिठ्ठी बाजूला ठेवून, प्लॅस्टर आणि पट्टी उघडून नव्याने तपासावं. हा नियम लेखी करून दारावर लावा, आणि नोंदणी खिडकीवरच्या कर्मचाऱ्यालाही तो समजावून सांगा, कारण परत आलेला रुग्ण सर्वांत आधी त्यालाच भेटतो.

आपले,
अपघातग्रस्तांवर पुढचे उपचार करणारे काही डॉक्टर, परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट